नव्या मंडईत तीन महिने

(तिरोडा येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तिरोडा हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील गाव आहे. येथील फलाटावरून रोज कितीतरी तरुण कामाच्या शोधात नागपूरला, रायपूरला, पुण्याला जातात. याच तिरोड्याच्या परिसरात ३,३०० मेगावॅट क्षमतेचा औष्णिक वीजप्रकल्प उभा आहे. एका बाजूला एवढा मोठा उद्योग, दुसऱ्या बाजूला धानाची शेती, तेंदूपत्ता आणि तलावातील मासेमारी. या दोहोंच्या मधल्या जागेत शिकलेला मुलगा उभा असतो व विचारतो, "साहेब, तिथे कोणी ओळखीचे आहे का?"

आजचे माझे भाषण या एका प्रश्नाभोवती आहे. 'ओळख' या शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ चिकटले आहेत. एक अर्थ वशिल्याचा. दुसरा अर्थ परिचयाचा, म्हणजे अमुक माणसास अमुक काम येते हे दुसऱ्याला ठाऊक असण्याचा. पहिल्या अर्थाने समाजाचे नुकसान होते. दुसऱ्या अर्थावाचून समाजाचे चालत नाही. गेल्या काही वर्षांत व्यवसायातील परिचय वाढविण्यासाठी संगणकीय जाळी निघाली आहेत. अशा एका नव्या जाळ्यावर मी तीन महिने वावरलो. तेथे काय मिळाले, काय मिळाले नाही, आणि आपल्यासारख्या तालुक्याला त्याचा उपयोग किती, हे आपणांपुढे ठेवण्याचा माझा विचार आहे. मी वापरलेल्या जाळ्याचे नाव मी घेणार नाही. शासनाच्या माहिती अधिकाऱ्याने कोणा एका कंपनीची जाहिरात करू नये हे त्याचे साधे कारण. इतिहास सांगताना मात्र नावे घ्यावी लागतील.

जुनी मंडई

नव्या गोष्टीकडे जाण्यापूर्वी एका जुन्या गोष्टीचे स्मरण करू. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. पुण्यामुंबईच्या श्रोत्याला मंडई म्हणजे भाजीबाजार वाटेल. आपली मंडई म्हणजे गावजत्रा. रात्री दंडार होते, नाटक होते. परंतु मंडईचे खरे काम दिवसा चालते. लांबचे पाहुणे येतात, सोयऱ्यांचे सोयरे येतात. कोणाची मुलगी उपवर आहे, कोणाला बैलजोडी विकायची आहे, कोणत्या गावी गवंड्याची गरज आहे, या सगळ्या वार्ता तेथे एका हातातून दुसऱ्या हाती जातात. सख्खा भाऊ जी वार्ता देऊ शकत नाही ती चुलतसासऱ्याचा शेजारी देतो. कारण भावाला जे माहीत असते ते आपल्यालाही आधीच माहीत असते.

आपल्या पूर्वजांनी अनुभवाने जाणलेली ही गोष्ट अमेरिकेतील मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली शास्त्रीय पद्धतीने मांडली. बोस्टननजीकच्या न्यूटन या नगरातील नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांच्या त्याने भेटी घेतल्या. परिचिताच्या द्वारे नोकरी मिळालेल्या ५४ जणांना त्याने विचारले की, त्या परिचिताशी आपली गाठ कितीदा पडत असे? आठवड्यातून दोनदा किंवा अधिक भेटणाऱ्या परिचिताकडून नोकरी कळली, असे सांगणारे १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणाऱ्याकडून कळली असे म्हणणारे ५५.६ टक्के, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही क्वचित भेटणाऱ्याकडून कळली असे म्हणणारे २७.८ टक्के होते. जवळच्या माणसाला आपल्याविषयी कळकळ अधिक असते, परंतु नवी वार्ता दूरच्या माणसाकडे असते, असा या निष्कर्षाचा सारांश सांगता येईल. ग्रॅनोव्हेटरने यालाच 'दुर्बळ धाग्यांचे बळ' म्हटले.

जाळ्यांचा जन्म आणि मृत्यू

या दुर्बळ धाग्यांना संगणकावर गुंफण्याचा उद्योग पुढे अनेकांनी केला. त्यांतील सर्वांत मोठे ठरलेले जाळे म्हणजे लिंक्डइन. २००२ च्या अखेरीस कॅलिफोर्नियात त्याची स्थापना झाली व ५ मे २००३ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते २६ अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकत घेण्याचे जाहीर केले. २०२३ मध्ये त्याच्या सभासदांची संख्या १०० कोटींवर गेली आणि त्यांत १० कोटींहून अधिक भारतीय होते. २०२१ च्या डिसेंबरात तेथे हिंदी आली आणि २०२४ मध्ये मराठीची भर पडली. इंग्रजीच्या भीतीने दूर राहिलेल्या आपल्याकडील पदवीधरास ही शेवटची गोष्ट महत्त्वाची वाटावी.

परंतु याच वीस वर्षांत किती जाळी विरून गेली तेही पाहिले पाहिजे. ऑर्कुट २००४ मध्ये सुरू झाले, भारतात घरोघरी पोहोचले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद पडले. गुगल प्लस २०११ मध्ये आले व एप्रिल २०१९ मध्ये सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठी मिटले. आपल्या देशात २०२० मध्ये निघालेल्या 'कू' या माध्यमावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिता येत असे. अनेक शासकीय खात्यांनीही तेथे आपली खाती उघडली होती. जुलै २०२४ मध्ये तेही बंद झाले.

मंडई यंदा पावसाने मोडली तर पुढल्या वर्षी पुन्हा भरते. संगणकीय जाळ्याचे तसे नाही. जागा कंपनीची, दिवे कंपनीचे आणि कुलूपही कंपनीचेच. म्हणून पहिला धडा मी येथेच सांगून टाकतो. जाळ्यावर जोडलेल्या माणसांपैकी जी आपल्याला खरोखर उपयोगी वाटतात त्यांचे नाव, गाव व दूरध्वनी क्रमांक आपल्या साध्या वहीत उतरवून ठेवावेत. वही बंद पडत नाही.

माझा अनुभव

मी खाते उघडले तेव्हा पहिलाच प्रश्न आला, 'आपण कोण?' पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला हा प्रश्न वाटतो तितका सोपा नसतो. मी कला शाखेचा पदवीधर. वीस वर्षे बातम्या, पत्रके व यशकथा लिहीत आलो. इतरांची खाती पाहिली तेव्हा प्रत्येक जण 'दूरदृष्टीचा नेता' किंवा 'परिवर्तनाचा शिल्पकार' होता. मीही तसेच एक भारदस्त वाक्य लिहिले. संध्याकाळी ते पत्नीला वाचून दाखविले. तिने विचारले, "हे कोणाविषयी आहे?" मी ते वाक्य पुसले आणि लिहिले, 'शासकीय योजनांची माहिती सोप्या मराठीत लिहितो. पूर्व विदर्भातील गावे, तलाव व शेती यांविषयी वीस वर्षांचे टिपण जवळ आहे.' पुढे ज्यांनी ज्यांनी माझ्याशी कामाचे बोलणे केले त्यांनी या दुसऱ्या ओळीवरूनच केले.

दुसरी चूक अधिक महागात पडली. खाते उघडताना जी संमती मागितली होती ती न वाचता मी होकाराचे बटण दाबले. त्याबरोबर माझ्या मोबाईलमधील झाडून साऱ्या क्रमांकांना माझ्या नावाने निमंत्रणे गेली. त्यांत माझे निवृत्त वरिष्ठ होते, तसे आमचे दूधवालेही होते. वरिष्ठांनी दूरध्वनी करून विचारले, "काय हो, नोकरी बदलता की काय?" दूधवाल्यांनी मात्र निमंत्रण स्वीकारले! हसण्याचा भाग सोडला, तरी दुसऱ्याचा क्रमांक ही आपल्याकडील ठेव असते. २०२३ मध्ये आपल्या देशात व्यक्तिगत डिजिटल विदेच्या संरक्षणाचा कायदा झाला त्याच्या मुळाशी संमतीचे हेच तत्त्व आहे. संमती वाचून द्यायची असते. दोष माझाच होता.

पहिला महिना नुसत्या अभिनंदनांत गेला. कोणाला बढती मिळाली, अभिनंदन. कोणी परिसंवादाला हजर राहिले, अभिनंदन. हे अभिनंदन ज्याला मिळते त्यास आठवत नाही आणि जो देतो त्यासही आठवत नाही. माझ्या परिचितांची संख्या तीनशेवर गेली. पण त्यांच्यापैकी एकाच्याही कामाविषयी मला नवे काही कळले नव्हते.

दुसऱ्या महिन्यात मी पद्धत बदलली. त्या वेळी मी मालगुजारी तलावांवर एक लेख लिहीत होतो. आपल्याकडील हे तलाव गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या कसबी हातांनी बांधले गेले. १९५० च्या कायद्यानंतर मालगुजारी गेली आणि तलाव शासनाकडे आले. त्यांतील गाळ काढण्याची कामे होतात. परंतु गाळ उपसताना माशांच्या विणीची जागा आणि पाणवनस्पती कशा राखाव्यात हे मला कोणी नेमके सांगत नव्हते. मी हा प्रश्न जाळ्यावर साध्या मराठीत मांडला. अकरा जणांनी 'उत्तम विषय' म्हणून अंगठा उंचावला. दोघांनी यंत्रांची जाहिरात पाठविली. चौथ्या दिवशी पुण्यात स्थायिक झालेल्या एका निवृत्त पाटबंधारे अभियंत्यांचे पत्रवजा उत्तर आले. त्यांचे मूळ गाव आपल्याच भागातले. त्यांनी पाळीविषयी, सांडव्याविषयी, पाणी सोडण्याविषयी सविस्तर लिहिले आणि शेवटी म्हटले, "माशांचे मला विचारू नका. ते तुमच्या जिल्ह्यातील ढिवर बांधवांना विचारा. मी नोकरीत असताना विचारले नाही, याची खंत आहे."

श्रोतेहो, प्रश्न पुण्यापर्यंत गेला आणि उत्तर मला गोंदिया जिल्ह्यातच परत घेऊन आले. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थांनी तलावांचे पुनरुज्जीवन करण्याचे मोलाचे काम केले आहे. तलावात माजलेली बेशरम उपटणे, तळाशी योग्य त्या स्थानिक पाणवनस्पती लावणे, देशी माशांना वीण करण्यास जागा ठेवणे, ही कामे त्यांनी पिढीजात ज्ञानाच्या आधारे केली आणि त्यांत स्त्रियांचाही मोठा वाटा आहे. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यात जाऊन या मंडळींशी बोललो. कोणती वनस्पती किती पाण्यात तग धरते, कोणता मासा कोणत्या झुडपाच्या आसऱ्याला जातो, हे एक वृद्ध गृहस्थ बोटांवर मोजून सांगत होते. माझा लेख त्यामुळे उभा राहिला.

परतताना मात्र एक विचार मनात आला. त्या गृहस्थांचे नाव कोणत्याही जाळ्यावर नाही. 'कौशल्ये' या रकान्यात त्यांना काय लिहिता येईल? त्यांच्यापाशी ना पदवी, ना प्रमाणपत्र. ज्या अभियंत्यांनी त्यांचा पत्ता दिला तेही योगायोगाने भेटले. अशी किती माणसे आपल्या पंचक्रोशीत असतील, आणि त्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबरच जाणार असेल?

जाळे कोणाच्या उपयोगाचे?

या जाळ्यांचा उपयोग सर्वांना सारखा होत नाही, हे सांगणारे एक मोठे संशोधन २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लिंक्डइनवर 'आपण यांना ओळखत असाल' अशी जी नावे सुचविली जातात, त्यांच्या निवडीत २०१५ ते २०१९ या काळात प्रयोग म्हणून फेरफार करण्यात आले. सुमारे २ कोटी लोकांवरील या प्रयोगांत २ अब्ज नवे परिचय जुळले आणि ६ लाख नव्या नोकऱ्यांची नोंद झाली. फार जवळचे नव्हेत आणि अगदीच परके नव्हेत, अशा मध्यम अंतरावरील परिचितांचा नोकरीसाठी अधिक उपयोग होतो, असे त्यातून दिसले. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या ग्रॅनोव्हेटरला दुजोरा मिळाला.

परंतु याच संशोधनातील दुसरा निष्कर्ष आपल्यासाठी अधिक मोलाचा आहे. ज्या उद्योगांत संगणकाचा वापर अधिक, तेथे दुर्बळ धागे उपयोगी पडले; ज्या उद्योगांत तो कमी, तेथे घट्ट संबंधच अधिक कामी आले. तेव्हा संगणकशास्त्राचा पदवीधर असेल तर त्याने जाळ्यावर जरूर जावे. गवंडी, वायरमन, जोडारी यांना मात्र अजूनही ज्याने त्यांचे काम डोळ्यांनी पाहिले आहे असा ठेकेदार, असा गुरुजी किंवा असा सरपंचच काम मिळवून देईल. या प्रयोगांबद्दल आक्षेपही घेण्यात आला. आपल्यावर प्रयोग चालू आहे हे त्या लोकांना स्पष्टपणे सांगितलेले नव्हते. जाळ्यावर आपण ग्राहक असतो तसे प्रयोगाचे साहित्यही असतो, हे विसरता कामा नये.

सावधगिरीचे दोन शब्द

तिसऱ्या महिन्यात आमच्या शेजारच्या एका तरुणाला परराज्यातील मोठ्या कारखान्याच्या नावाने नोकरीचा प्रस्ताव आला. पत्रावर बोधचिन्ह होते, वेतन भरघोस होते. फक्त 'नोंदणी शुल्क' म्हणून काही हजार रुपये दोन दिवसांत भरायचे होते. त्याचे वडील दागिना गहाण ठेवण्याच्या तयारीत होते. आम्ही त्या कारखान्याच्या कार्यालयाचा क्रमांक स्वतंत्रपणे शोधून दूरध्वनी केला. अशी कोणतीही भरती चालू नव्हती. दागिना वाचला.

सर्वांचेच असे वाचत नाही. समाजमाध्यमांवरील खोट्या नोकऱ्यांना भुलून आपले अनेक तरुण थायलंडमार्गे म्यानमारमधील सायबर गुन्हेगारांच्या तळांवर जाऊन अडकले. मार्च २०२५ मध्ये अशा ५४९ भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनी परत आणावे लागले. यास्तव आपल्या शाळेत, आपल्या ग्रामसभेत एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी. नोकरी देणारा पैसे मागत नाही. पैसे मागणारा नोकरी देत नाही. फसवणूक झालीच तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. केंद्र शासनाची राष्ट्रीय करिअर सेवा व राज्य शासनाचे महास्वयं ही संकेतस्थळे नोकरीच्या शोधासाठी उपलब्ध आहेत; तेथपासून आरंभ करणे केव्हाही श्रेयस्कर.

शासकीय सेवेतील मित्रांसाठी आणखी एक गोष्ट. समाजमाध्यमांच्या वापराविषयी राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी शासन निर्णय काढला आहे व तो स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत. गोपनीय कागदपत्रे पूर्वमंजुरीवाचून प्रसृत करू नयेत. शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये. वैयक्तिक खात्यावर शासकीय बोधचिन्ह, वाहन वा इमारत यांचे प्रदर्शन नसावे. बदली झाल्यावर कार्यालयीन खाते रीतसर सोपवावे, असे त्यात म्हटले आहे. योजनांच्या यशाविषयी लिहिताना आत्मप्रशंसा टाळावी, हेही त्यात आहे. व्यावसायिक जाळ्याची सारी उभारणीच आत्मप्रशंसेवर झालेली असल्यामुळे आपली थोडी अडचण होते, हे मी मान्य करतो. परंतु त्यातून मार्ग निघतो. 'मी किती मोठे काम केले' असे न लिहिता 'हे काम असे झाले, येथे अडचण आली, ती अशी सुटली' असे लिहावे. वाचणाऱ्याला उपयोग दुसऱ्याच वाक्याचा असतो.

आपल्याला करता येण्याजोगे

आता शेवटच्या मुद्द्याकडे येतो. उत्तम जाळे कसे असते याचे उदाहरण पाहण्यासाठी आपल्याला कॅलिफोर्नियास जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात सारस पक्ष्याचा अधिवास प्रामुख्याने आपल्या गोंदिया जिल्ह्यातच शिल्लक राहिला आहे. वैनगंगा व बाघ या नद्यांच्या परिसरात, राज्याची सीमा ओलांडून बालाघाटपर्यंत, दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस सारसांची गणना होते. 'सेवा' या संस्थेचे कार्यकर्ते, वनविभागाचे कर्मचारी आणि शेतकरी पहाटे आपापल्या ठिकाणी उभे राहतात. ज्याच्या बांधीत सारसाचे घरटे आहे त्या शेतकऱ्याचा शब्द तेथे तज्ज्ञाइतकाच मोलाचा असतो. हे जाळे टिकले, कारण त्यातील प्रत्येकाला एक निश्चित काम आहे आणि एका निश्चित प्रश्नाचे उत्तर सर्वांना हवे आहे. ज्या जाळ्यात प्रश्न नाही तेथे केवळ अभिनंदन उरते.

शिक्षक बंधुभगिनींना मी सुचवीन की, केंद्रस्तरावर होणाऱ्या शिक्षण परिषदेतून उठताना प्रत्येकाने आपल्या वर्गातील एक न सुटलेली अडचण लिहून द्यावी. आपल्या भागातील मूल घरी पोवारी, झाडीबोली वा गोंडी बोलते आणि पुस्तकातील मराठीशी अडखळते. या एका अडचणीवर नंदुरबारच्या वा गडचिरोलीच्या शिक्षकाने काय उपाय केला हे जाळ्यावर विचारता येईल. तेथून आलेले उत्तर पुढच्या परिषदेत मांडता येईल. दूरचा धागा आणि जवळची बैठक, दोन्ही लागतात.

ग्रामपंचायत सदस्यांना माझी विनंती वेगळी आहे. आपल्या दप्तरात एक नोंदवही आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. तीत गावातील झाडे, पिके, मासे यांच्याबरोबरच जाणकार माणसांचीही नोंद असते. म्हणजे गावाचे स्वतःचे परिचयपुस्तक आपल्यापाशी कायद्याने आधीच आले आहे. ती वही एकदा कपाटातून काढून पाहावी. तलाव जाणणारा, वनौषधी ओळखणारी, धानाची जुनी वाणे राखणारा, यांची नावे तीत आहेत का? नसतील तर त्यांच्या संमतीने घालावीत. संमतीने, हे मी मुद्दाम म्हणतो. कारण औषधी वनस्पतींसारखे ज्ञान उघड्यावर मांडावयाचे की नाही हे ठरविण्याचा अधिकार त्या माणसाचा आहे.

आणि जो तरुण मोबाईलवर जाळे चालवतो त्याच्यावर एक काम सोपवावे. बाहेरची प्रशिक्षणाची, भरतीची, शिष्यवृत्तीची खात्रीलायक वार्ता त्याने कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. मोबाईल घरात एकच असतो व तो बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. तेंदूपत्ता तोडणाऱ्या भगिनीपर्यंत, बचतगटातील सदस्येपर्यंत ही वार्ता फलकावरून आणि तिच्या शाळकरी मुलीच्या तोंडूनच पोहोचेल. जाळ्यावर नसलेल्या माणसाला जाळ्याचा लाभ पोहोचविणे हेच लोकसेवकाचे काम होय.

तीन महिन्यांचा जमाखर्च मांडला तर माझ्या पदरी काय पडले? परिचित तीनशेहून अधिक. त्यांपैकी वहीत उतरवावीत अशी नावे सात. ही सात नावे मला एरवी मिळाली नसती, म्हणून मी खाते बंद केलेले नाही. पण आठवे नाव त्या वृद्ध ढिवर गृहस्थांचे आहे. ते मला जाळ्याने दिले नाही. जाळ्यावरील एका प्रामाणिक माणसाने दिले. 'मला ठाऊक नाही, ज्याला ठाऊक आहे त्याचा पत्ता हा घ्या,' असे म्हणणारा माणूस जोवर भेटतो तोवर कोणतेही जाळे उपयोगाचे आहे, मग ते संगणकावरचे असो की दिवाळीनंतरच्या मंडईतले.

येथून परतल्यावर आपल्या गावातील अशा एका जाणकाराचे नाव आपण प्रत्येकाने लिहून काढावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!